नान्नज आणि हिप्परग्याचे पाच फोटो टाकतोय, बिनधास्त झोडपा (आणि तारा काढू का ठेवू?)

माळावरचा_नवखा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा फोटो टाकतोय. सोलापुरातच राहतो, होटगी रोडला, रविवार मोकळा मिळतो तेवढाच काय तो. कॅमेरा निकॉन डी५६००, लेन्स ७०-३०० आणि बरोबर आलेली १८-५५, बस. घरचे म्हणतात भारी आलेत, ऑफिसच्या ग्रुपवर टाकले की अंगठ्यांचा पाऊस पडतो, पण मला दिसतंय की कायतरी कमी पडतंय आणि नेमकं काय ते सांगणारं जवळ कुणी नाही, म्हणून इथं आलो.

पहिला काळवीट, नर, नान्नजच्या अलीकडं. ३०० वर, शटर १/२५०, एफ/६.३, आयएसओ १००. शिंगं मस्त पिळाची होती पण फोटोत सगळं मऊमऊ दिसतंय, डोळ्यावर फोकस होता तरी.

दुसरा कुठलातरी शिकारी पक्षी, गवतावरून खालून खालून उडत होता. काळा पडलाय. ओळख पण सांगा, मला घार वाटली.

तिसरा हिप्परगा तलाव, सूर्यास्त. ह्याला ग्रुपवर सगळ्यात जास्त लाईक आलेत.

चौथा काढणीच्या ज्वारीतून काळविटांचा कळप पलीकडं जातोय. प्राणी बारके दिसतायत, वर विजेच्या तारा आल्यात, एक खांब आलाय, बांधावर कायतरी रंगीत कापडं लोंबतायत. हा खरंतर टाकणारच नव्हतो.

पाचवा खोकडाची पिल्लं, बिळाच्या तोंडाशी दोन. वडाळ्याच्या पुढं आत कुठं वळायचं ते खाली लिहिलंय, कुणाला जायचं असेल तर.

दोन प्रश्न. एकजण सेकंडहँड १५०-६०० लेन्स विकतोय, घेऊ का? आणि चौथ्यातल्या तारा मोबाईलवर खोडून टाकल्या तर चालतंय का, का ते चीटिंग?

---

रानभोवरा

ये की, स्वागत आहे. बिनधास्त म्हणालास म्हणून बिनधास्तच लिहितो, राग मानू नको.

पहिल्या फोटोची दोन दुखणी आहेत आणि दोन्ही लेन्सची नाहीत. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर क्रॉप, म्हणजे छोटा, दीडपट धर, म्हणजे ३०० वर तू ४५० इतका जवळ बघतोयस, आणि तिथं हातात धरून १/२५०? लेन्समधलं व्हीआर तुझा हात सावरंल, पण मान वळवणारं काळवीट ते कसं सावरणार. उभ्या जनावराला निदान १/८००, चालायला लागलं की १/१२५० च्या वर, पळत असेल तर १/२००० ठेव. आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा) १०० ला का चिकटून बसलायस ते कळलं नाही, ४०० कर, ८०० कर, तुझ्या कॅमेऱ्याला काय होत नाही. दाणे आले तर नंतर कमी करता येतात, हललेला फोटो मात्र कुठल्याच सॉफ्टवेअरात नीट होत नाही. ऑटो आयएसओ लाव, किमान शटर १/१००० टाकून दे आणि विसरून जा.

दुसरं दुखणं म्हणजे टाइम. फाइलच्या माहितीत १० वाजून ४० मिनिटं दिसतायत. फेब्रुवारी संपत आला की आपल्याकडं नऊ-साडेनऊलाच काळी माती तापायला लागते, गरम हवा वर येते आणि तिच्यातून बघणं म्हणजे चुलीच्या जाळापलीकडचं बघण्यासारखं, सगळं हलतंय. तुला वाटतंय फोकस गंडला, तर फोकस बरोबरच आहे, मधली हवा गंडलीये. आणि इथंच तुझ्या १५०-६०० चं उत्तर आहे. ह्या उन्हात दोनशे मीटरवरून ६०० ने मारलास तर ती थरथर पण दुप्पट मोठी दिसणार. जनावर जास्त पिक्सेलमध्ये येईल पण मऊमऊच. पैसे ठेव, तेच पेट्रोलला घाल आणि उजाडताना तिथं पोच. सात ते साडेआठ एवढाच खरा वेळ, त्यानंतर पोहे खायचे.

आणि खाली बस रे बाबा! उभ्याने मारलायस त्यामुळं काळविटाच्या मागं नुसती जमीन आलीये, तपकिरीवर तपकिरी. गाडीतून मारत असशील तर खिडकीवर बीनबॅग टाक. विकत घेऊ नको, जुन्या पँटचा पाय काप, दोन्हीकडनं शिवून टाक आणि आत दोन-तीन किलो ज्वारी भर. तांदळापेक्षा ज्वारी चांगली बसते, लेन्सच्या खाली बरोबर खड्डा धरते. फक्त पावसाळ्यात रिकामी कर, नाहीतर सोंडे होतात आणि मग घरात शिव्या.

हिप्परगा. क्षितिज डावीकडं उतरतंय, पाणी वाहून जाईल सगळं. शिवाय बरोब्बर मधोमध, निम्मं आभाळ निम्मं पाणी, आणि दोन्हीत बघण्यासारखं काय नाही, नुसता केशरी रंग. सॅच्युरेशनचा स्लायडर किती ओढलायस? टेकडीच्या कडेला पांढरी रेघ दिसतेय, ती शार्पनिंग आणि क्लॅरिटी जास्त झाल्याची खूण. लाईक रंगाला मिळतात, फोटोला नाही. पुढं कायतरी घे, होडी, बाभळीची फांदी, चिखलातली पावलं, काहीही, १८ वर लेन्स ठेव, एफ/८ किंवा ११, आणि सूर्य बुडाला की घरी पळू नको, पुढची पंधरा-वीस मिनिटं खरी मजा असते, फक्त तेवढ्याला ट्रायपॉड पाहिजे.

---

चंडोल_ताई

आधी एक काम करा दादा, बाकी सगळं नंतर. पाचव्या फोटोखालचा रस्ता काढून टाका. आत्ता. पिल्लं असताना बिळाची जागा उघड लिहायची नसते. उद्या चार गाड्या येतील, परवा कुत्री मागं येतील, खोकडाची मादी दोन दिवस लांबून बघेल आणि पिल्लं तोंडात धरून दुसरीकडं नेईल, तेवढ्यात एखादं मरतं. लांडग्याच्या गुहेचं तर अजूनच. फोटो ठेवा, छान आहे, लांबून काढलाय ते दिसतंय, पिल्लं तुमच्यामुळं घाबरलेली पण दिसत नाहीत. फक्त "सोलापूर जिल्हा" एवढंच लिहा. फाइलमध्ये जीपीएस असेल तर तेही काढा.

आता पक्षी. घार नाही हो, हॅरियर आहे, मराठीत भोवत्या. गवतावरून खाली खाली, पंख इंग्रजी व्ही सारखे वर धरून तरंगत जातो, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा, तो तुमच्या फोटोत पण दिसतोय बघा. हिवाळ्यात मध्य आशियातून येतात, मार्चपर्यंत असतात, माळावरचे नाकतोडे खातात आणि रात्री गवतात जमिनीवरच झोपतात, झाडावर नाही. नर असता तर राखाडी दिसला असता, ही मादी किंवा पिल्लू आहे आणि तिथंच गोची होते, पॅलिड आणि माँटेगू ह्या भोवत्याच्या दोन्ही जातींच्या माद्या तपकिरी. गळ्याशी फिकट कॉलर ठळक असेल तर पॅलिडकडं झुकायचं, पंखाखाली मागच्या पिसांवर पट्टे मोकळे आणि स्वच्छ दिसले तर माँटेगू. तुमच्या फोटोत पंखाची खालची बाजू काळी पडलीये म्हणून ओळख होत नाही. म्हणजे एक्सपोजर हा नुसता सुंदर दिसण्याचा मामला नाही, पक्षी कुठला ते त्यावर ठरतं.

मागं पांढरं आभाळ असलं की कॅमेरा घाबरून सगळंच अंधारं करतो. प्लस एक एक्सपोजर कॉम्पेन्सेशन द्या, म्हणजे उजेड एक पायरी वाढवा, कधी दीड. उजनीला रोहित (फ्लेमिंगो) बघायला गेलात की उलटं होईल हं, तिथं पांढरे पक्षी गडद पाण्यावर, कॅमेरा जास्त उजेड घेतो आणि पिसं नुसती पांढरी चादर होतात. तिथं मायनस. आणि रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत काढा, जेपेगमध्ये एकदा गेलेलं पांढरं परत येत नाही.

---

स्लायडर_सम्राट

भावा चौथा फोटो भारीये फक्त कचरा लई आहे त्यात. दोन मिनिटात मोबाईलवर साफ करून खाली टाकलाय बघ. तारा गायब, खांब गायब, ती बांधावरची कापडं पण काढली, थोडं वॉर्म केलं, वरून क्रॉप केलं. आता कसा कॅलेंडरला लावण्यासारखा झालाय. चीटिंगबिटिंग काय नसतं, फोटो बघणाऱ्याला आवडला पाहिजे विषय संपला.

---

रानभोवरा

सम्राट, झूम करून बघितलास का स्वतः? डावीकडनं दुसऱ्या नराचं एक शिंग अर्धं गेलंय. तार शिंगाच्या टोकाला टेकत होती, ती खोडताना वरचे दोन पीळ पण गेले. आणि खांब होता तिथं गवताचं तेच ठिगळ तीनदा उमटलंय, एक पांढरा गोटा पण तीनदा. अजून एक, मागच्या मादीला आता पाच पाय आहेत.

---

स्लायडर_सम्राट

😂 पाच पाय दिसलेच नव्हते. बरं ते नीट करतो. पण मुद्दा तोच, तार काढायला हरकत काय?

---

बार्शी_रोड

मी फोटोवाला नाही, आमचं शेत त्याच बाजूला आहे म्हणून बोलतो. ती रंगीत कापडं कचरा नाहीत ओ. त्या साड्या आहेत. जुन्या साड्या बांधाला बांधायच्या, वाऱ्याने हलल्या की काळवीट बिचकतं आणि पिकात घुसत नाही, म्हणजे चार-सहा दिवस घुसत नाही, मग त्यालाही कळतं की ही नुसती साडी आहे. मग जागा बदलायची, रंग बदलायचा. हिरवी लावली तर काय उपयोग नाही, लाल-पिवळी लावायची असं आमची म्हातारी सांगती. कळप रात्री येतो, हरभरा कोवळा असला तर मुळापासून साफ. आम्ही राखणीला जातो थंडीत, आणि सकाळी तुम्ही लोक येता फोटो काढायला, त्याच कळपाचा! राग नाही, गंमत वाटती.

आणि ती तार आमच्या पंपाची आहे. तुम्ही फोटोतनं खुशाल काढा, पण मग त्या रानात ज्वारी कशी पिकली म्हणायची?

एक विनंती, ज्याच्या बांधावर गाडी लावाल त्याला आवाज द्या. कुणी नाही म्हणत नाही. काढलेल्या कणसांवरनं चालत गेलेले लोक बघितलेत मी, लेन्स लांबलचक, पाय कुठं पडतोय बघायचं नाही.

---

चंडोल_ताई

मामा, साड्यांचं लिहिलंत ते फार बरं केलंत. फोटो चौथा मी परत उघडून बघितला तुमच्यामुळं, आणि आता तो मला पाचांतला सगळ्यात चांगला वाटतोय. का ते सांगते. पुढं ज्वारीची आडवी पडलेली ताटं, मग साड्यांचा बांध, मग कळप, मागं पिवळं गवत आणि वर तार. आपला माळ असाच आहे. आफ्रिकेसारखं मोकळं रान इथं नाहीये आणि कधी नव्हतंच, माळ, शेत, मेंढरं, पंप सगळं एकात एक.

नान्नजचं अभयारण्य १९७९ चं, माळढोक पक्ष्यासाठी केलेलं, तेव्हा कागदावर जवळपास ८,५०० चौरस किलोमीटर होतं, त्यात गावंच्या गावं आणि शेतं येत होती, नंतर ते कमी करून साधारण १,२२२ वर आणलं. म्हणजे माणूस वगळून ह्या जागेचा फोटो काढायचा तर तो नान्नजचा फोटोच राहत नाही, कुठलाही होतो.

आणि तार! माळढोक अंगानं जड, नर तर पंधरा किलोपर्यंत जातो, डोळे डोक्याच्या बाजूला त्यामुळं उडताना समोरचं कमी दिसतं, तार दिसेपर्यंत वळायला वेळ राहत नाही. राजस्थान-गुजरातमध्ये ह्यावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०२१ ला तारा जमिनीखालून न्यायचा आदेश आला, २०२४ ला तो सैल करून समिती नेमली. इथल्या माळावर आता माळढोक दिसणं म्हणजे नशीबच लागतं. अशा जागेवरच्या फोटोतून नेमकी तारच खोडायची? मला नाही पटत.

---

बार्शी_रोड

ताई मग तार वाईट का चांगली ते ठरवा. पाखरू मेलं तर वाईट वाटतंच की, लहानपणी आमच्या रानात माळढोक मी बघितलाय, वडलांच्या खांद्यावरून. पण आमच्या पंपाला वीज नको असं कुणी म्हणायचं नाही.

---

चंडोल_ताई

नाही म्हणत मामा. तार वाईट असं फोटो सांगतच नाहीये. तार आहे, एवढंच सांगतोय.

---

स्लायडर_सम्राट

ते सगळं ठीक आहे पण प्रत्येक फोटो काय पुरावा म्हणून काढायचा का? हिप्परग्याला मी जातो ते डोकं शांत करायला. तिथं प्लास्टिकची पिशवी फोटोत आली तर मी काढणार. भिंतीवर लावायचा फोटो माझा, भिंत माझी. तुम्ही लोक लगेच कोर्टात नेता.

---

रानभोवरा

भिंत तुझी हे मान्य. माझं म्हणणं एवढंच की काय काढलंस ते खाली लिही. उजेड-अंधार, रंग, क्रॉप, दाणे कमी करणं हे सगळे करतात, त्याला कुणी काय म्हणत नाही. एखादी वस्तू घातली किंवा काढली की तो निसर्गाचा फोटो न राहता चित्र होतो, चित्र म्हणून टाक, मी पण लाईक करेन. स्पर्धेत मात्र पाठवू नको, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव फोटोंच्या मोठ्या स्पर्धेत २०१८ मध्ये आधीच्या वर्षीचा एक विजेता फोटो बाद केला, कारण त्यातला मुंगीखाऊ पेंढा भरलेला निघाला असं परीक्षकांचं मत झालं. रॉ फाइल मागतात आजकाल, सापडतंच.

आता ताईंशी थोडं भांडतो. चौथ्याचा विषय चांगला म्हणून फोटो चांगला असं होत नाही. नवख्याने तार मुद्दाम घेतलेली नाही, ती येऊन पडलीये. मधल्या तारेनं नराच्या शिंगाला कापलंय, खांब उजव्या कडेला निम्मा आत निम्मा बाहेर. घ्यायचा तर पूर्ण घे, दोन पावलं डावीकडं सरकला असतास तर खांब फ्रेममध्ये उभा राहिला असता आणि तारा शिंगांच्या वरून गेल्या असत्या, मग बघणाऱ्याला कळलं असतं की हे ठरवून केलंय. आणि साड्या फोकसच्या बाहेर आहेत. एफ/६.३ ऐवजी एफ/११ (लेन्सचं भोक बारीक), १०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बांध आणि कळप दोन्ही बऱ्यापैकी धारदार. सध्या ती नुसती रंगीत धुरकट पट्टी आहे, म्हणूनच सम्राटला कचरा वाटली, त्याचा दोष नाही.

---

चंडोल_ताई

हे मान्य. साड्यांचं तर शंभर टक्के मान्य.

---

माळावरचा_नवखा

बाप रे, एका रविवारात एवढं! सगळ्यांना थँक्यू. पाचव्याखालचा रस्ता काढला ताई, आणि फाइल पण परत टाकली जीपीएस काढून. पुढच्या वेळी असं नाही लिहिणार.

१५०-६०० वाल्याला नाही म्हणून कळवलं. ज्वारीची पिशवी आज शिवायला टाकली, आईने विचारलं कशाला, म्हटलं कॅमेऱ्याला उशी, तिने मालदांडी द्यायला साफ नकार दिला, हायब्रीड घे म्हणाली.

बार्शी रोडवाले मामा, त्या साड्या बांधायचं काम कोणत्या महिन्यात करता? मला त्याचा फोटो काढायचाय, काळवीट नसलं तरी चालेल. तुमची परवानगी असेल तर, नुकसान करणार नाही, बांधावरनंच.

रानभोवरा सर, एक शंका राहिली. एफ/११ केलं आणि शटर पण १/१००० पाहिजे तर सात वाजताच्या उजेडात आयएसओ कुठल्या कुठं जाईल ना? ३२०० पर्यंत? आमच्या कॅमेऱ्यात तेवढ्याला दाणे दिसतात.

---

रानभोवरा

बरोबर पकडलंस. म्हणून तसल्या फोटोला पळणारं जनावर धरायचंच नाही. कळप चरत असताना घे, १०० मिलिमीटरला १/३२० सुद्धा पुरतं पिशवीवर टेकवून, मग आयएसओ ८००-१००० मध्ये भागेल. एफ/११ नाही जमलं तर ८ वर ये, पण बांधाला चिकटून बसू नको, मागं सरक. बांध आणि कळप दोन्ही तुझ्यापासून लांब गेले की दोन्ही फोकसमध्ये येतात. मागं सरकायला जागा आहेच, सोलापुरात अजून काय असो नसो.

३२०० चा फोटो पण टाक एखादा, रॉ सकट. दाणे किती येतात ते मी बघून सांगतो, लोक उगाच घाबरतात.

---

बार्शी_रोड

पेरणी झाली, कोंब वर आले की बांधतो, म्हणजे दिवाळीच्या पुढं-मागं. आत्ता आलात तर काढायचं काम चालूय, साड्या सोडवून गुंडाळून ठेवायच्या असतात पुढच्या वर्षाला. सकाळी लवकर या, नऊनंतर बाया कडब्याच्या पेंढ्या बांधायला लागतात, मग कुणाला बोलायला वेळ नसतो. बायांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत.

---

माळावरचा_नवखा

नक्की मामा. येत्या रविवारी सातला. मेसेज करतो.

---

स्लायडर_सम्राट

मी पण येऊ का? खोडणार नाही काय, शप्पथ.